अर्धे पत्ते लातूरला, अर्धे नांदेडला

२ मे, सोमवार

पेढे आधी, बातमी नंतर. क्लासच्या मालकांनी, म्हणजे आमच्या सरांनी, सगळ्यांना मोठ्या हॉलमध्ये बोलावलं. आपण नांदेडचा क्लास विकत घेतला! बोलणी चाललीत हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं, पण सही आज झाली. जूनपासून क्लास एक, गावं दोन. लातूरचा तास नांदेडची पोरं पडद्यावर बघणार. चाचणी दोन्हीकडे एकाच वेळी, निकाल एकत्र.

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "मंजुषा, दोन्हीकडचं नेटवर्क एक झालं पाहिजे. बॅच सुरू व्हायच्या आत."

मी "हो सर" म्हणाले ते इतक्या जोरात की मागची रांग हसली. हसू दे. आजवर "मॅडम, प्रिंटर चालंना" आणि "मॅडम, नेट येईना" एवढंच. आता खरं काम!

३ मे

आईला बातमी सांगितली. ती म्हणाली, "चांगलं झालं. पण तू तिथं नेमकं करतेस काय, ते एकदा नीट सांग. शेजारच्या काकू विचारतात, मी कॉम्प्युटर म्हणून मोकळी होते."

मग भाजी निवडता निवडता सांगितलं. म्हटलं, लग्नात वऱ्हाड येतं. जानवशावर एक माणूस बसवलेला असतो, येईल त्याला खोली नंबर देतो. तसं आमच्याकडं पोरांचे टॅब येतात, प्रत्येकाला एक नंबर लागतो, त्याला पत्ता म्हणायचं. पत्त्याशिवाय नेट नाही, पेपर नाही. तो पत्ता वाटणारा म्हणजे डीएचसीपी. त्याच्या हातात जेवढ्या खोल्या दिल्यात, तो स्कोप. खोल्या किती, कुठल्या, कुणाला, किती वेळ, हे सगळं मी ठरवते.

आई जरा थांबली. "आणि जेवून गेलेल्यानं खोली सोडलीच नाही तर?"

बापरे! नेमकी तिथंच आमची बोंब आहे. सकाळची बॅच घरी जाते, पत्ते त्यांच्याच नावावर अडकून राहतात, दुपारची पोरं बोंबलत बसतात. आईला नोकरीला ठेवावं.

४ मे

नांदेडला फोन लावला. तिथलं नेटवर्क बघतात त्या रेखा मॅडम. आवाज खणखणीत. मी गोडीत सुरुवात केली. तिकडची पत्त्यांची मालिका विचारली.

"एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक."

माझीपण तीच! दोन्हीकडं तेच नंबर. जोडलं की एकाच पत्त्यावर दोन दोन मशीन, कुठलं पाकीट कुठं जाईल देव जाणे. म्हणजे कुणीतरी एकानं अख्ख्या गावाचे पत्ते बदलायचे.

मी म्हटलं, "मग तुमच्याकडचे बदलावे लागतील."

"का बरं? तुमच्याकडचे का न्हाई?"

"कारण... लातूरची शाखा मोठी आहे."

"मोठी हाय तर बदला की. मोठ्यानंच समजून घ्यायचं असतंय."

फोन ठेवला त्यांनी! चक्क ठेवला.

५ मे

रात्रभर उत्तरं सुचत होती. आज फोन केला तर म्हणतात, "मॅडम, फोनवर भांडून काय होऊन राहिलंय? इकडं या. बघा आधी. मग सांगा कुणी बदलायचं." सरांना विचारलं. हो म्हणाले.

९ मे, नांदेडहून परतताना

एसटीत लिहितेय, अक्षर नाचतंय. चाकूर गेलं. खिडकीचा पत्रा तव्यासारखा तापलाय, पण मला काही वाटेना.

काय बाई आहे ही! वयानं माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल. माहेर उमरीचं, नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, घरी सासूबाई आणि एक लेक. कपाळाला मोठं कुंकू, ओढणी कमरेला बांधलेली, हातात स्क्रू ड्रायव्हर. जिन्याखालच्या खोलीत तिचं सगळं सामान. मला वाटलं होतं तारांचा गुंताडा असेल. एकेक तार गजऱ्यासारखी बांधलेली!

आणि मजल्यागणिक वेगळे स्कोप. खालच्या मजल्याची पट्टी वेगळी, वरची वेगळी, ऑफिस वेगळं. एका मजल्यावर गोंधळ झाला तर दुसऱ्याला पत्ताच नाही. माझ्याकडं सगळं एका टोपलीत. मी म्हटलं, "हे मला कधी सुचलं नाही." तर लाजली.

मग तिनं विचारलं, दुपारच्या बॅचचं तुम्ही काय करता? मी सांगितलं, परवा आईनं विचारल्यापासून पत्त्याची मुदत बॅचच्या तासांएवढीच ठेवते. आधी ती आठ दिवसांची होती, म्हणून अडकायचे. पोर घरी, पत्ता परत. ती टाळी वाजवून उठली. "अगं माय! इतकं सोपं? मी रोज दुपारी हातानं पत्ते सोडवून राहिले!"

अगं म्हणाली. मी ताई म्हणाले. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही. जेवता जेवता ठरलं: कुणाचेच जुने पत्ते ठेवायचे नाहीत. दहानं सुरू होणारी मोठी मालिका घ्यायची, दोघी नव्यानं मांडायचं. त्यात जागाच जागा. लातूर दहा-वीस, नांदेड दहा-चाळीस. लातूरकरांना टंचाई म्हटलं की टँकर आठवतो, निदान ही टंचाई तरी संपली.

अहमदपूरला चढलेल्या आजी विचारतात, "काय गं, एकटीच हसायलीस?"

१२ मे

मॅनेजर साळुंकेंना आराखडा दाखवला. त्यांना पत्त्यांत रस नाही. म्हणाले, "पत्ते वाटायचं मशीन एकच ठेवा, लातूरला. नांदेडला कशाला दुसरं?" म्हटलं, होऊ शकतं, विचार करते. होऊ शकतं खरं. नांदेडच्या टॅबची हाक तारेवरून इथवर येईल, इथून पत्ता जाईल. पण पटत नाही. का पटत नाही ते अजून नीट...

१६ मे, सोमवार

रेखाताई लातुरात! आठवडाभर आमच्याकडेच राहणार. इथले मजले वेगळे करायचे आहेत. तिनं आमची सर्व्हरची खोली बघितली आणि पहिला प्रश्न, "कपाट भिंतीला बोल्टनं का आवळलंय? कोण चोरून नेणार हाय?"

मी म्हटलं, "लातूर आहे हे, ताई."

मग तिच्या लक्षात आलं. भूकंपापासून इथं कपाटं, टाक्या, देवघर, सगळं आवळलेलं असतं. सरांनी पहिल्या दिवशीच करवून घेतलं होतं.

१७ मे

आज काय मजा! सकाळी पहिल्या मजल्यावरच्या निम्म्या पोरांना भलतेच पत्ते. आम्ही न दिलेले! मी माझा स्कोप तीनदा तपासला. बरोबर. पण टॅबवर दिसणारा पत्ता आमच्या मालिकेतलाच नाही.

रेखाताईनं डोळे बारीक केले. "इमारतीत दुसरा कुणीतरी पत्ते वाटून राहिलाय."

झालं, चोर शोधायचा! कुठल्या तारेवरून येतोय ते स्विचवर, म्हणजे सगळ्या तारा जिथं एकत्र येतात त्या पेटीवर बघत, एकेक तार धरत, वर्गामागून वर्ग. पोरं तास सोडून दारातून बघायला लागली. शेवटी तार गेली स्टाफरूममध्ये, फिजिक्सच्या जोशी सरांच्या टेबलाखाली. तिथं घरून आणलेला वायफायचा डबा, हिरवे दिवे लुकलुकत. आमच्या तारेला जोडलेला. आल्यागेल्याला खुशाल पत्ते वाटत बसलेला.

जोशी सर म्हणाले, "रेंज येत नव्हती हो. मॅच..."

रेखाताई वाकली, तार काढली, डबा त्यांच्या हातात ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "सर, आजपासून पत्ते आम्ही दोघीच वाटणार." सगळी स्टाफरूम हसली, सरपण हसले. आणि मग मी स्विचवर कुलूपच लावलं, आमच्या मशीनशिवाय दुसऱ्या कुणी पत्ता वाटला तर तो तिथंच अडेल. हे कधीपासून करायचं मनात होतं.

१८ मे

संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघरात आई आणि रेखाताई. आई मुरमुऱ्यांचा सुशीला करत होती आणि बोलत होती. भूकंपाचं. तिचं माहेर औशाकडचं. ढिगाऱ्यातून धाकट्या मामाला काढलं ते, तो "पाणी" म्हणाला ते, आजोबा सापडलेच नाहीत ते. मी दारातच थांबले. मला आजवर तिनं एवढं कधी सांगितलं नव्हतं. विचारलं की "झालं गेलं" म्हणायची. रेखाताई ऐकत ऐकत मुरमुरे भिजवून पिळत होती.

मी आत गेल्यावर आई म्हणाली, "ही पोरगी ऐकते चांगलं."

२१ मे, शनिवार

रेखाताई दुपारच्या गाडीनं गेली. ती गेली आणि साळुंकेंनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून. चहा. मग: "जोडणी झाली की नांदेडच्या बाईंची गरज राहत नाही. तुम्ही इथून दोन्हीकडचं बघाल. पगारात थोडं बघू. हे आपल्यात."

म्हणून मशीन एकच, लातूरला! आत्ता कळलं.

मी म्हटलं, "हे आपल्यात राहणार नाही, सर. मी ताईंना सांगणार." बाहेर आल्यावर हलकं वाटलं.

२२ मे

सकाळीच फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडून हुंदक्यासारखा आवाज. मला वाटलं रडते की काय. मग हसायचा आवाज. हसता हसता ठसका.

"अगं मंजू, त्यांनी मलापण हेच सांगितलंय! म्हणे लातूरच्या मॅडमचं लग्न जमून राहिलंय, त्या जातील, मग सगळं तुम्हीच बघा. म्हणे हे आपल्यात."

"माझं लग्न? कुणाशी?"

"मलाच विचारतेस? मी आहेर बघून राहिले होते!"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुझ्या लग्नाची बातमी तुला काय सांगायची? म्हटलं पोरगी आपणहून सांगेल तवा तोंड गोड करू."

दोघी वेड्यासारख्या हसलो. आईनं आतून विचारलं काय झालं. म्हटलं, माझं लग्न ठरलंय, फक्त मुलगा कोण ते साळुंकेंना विचारायचंय.

हसून झाल्यावर मात्र कळलं, दोघींतली एकच राहणार. तिच्याही घरी तिच्या पगारावर बरंच काही आहे. माझ्याही.

२३ मे

भांडण. ताई म्हणते नांदेडला पत्ते वाटायचं मशीन नांदेडलाच हवं. मी पटकन म्हणून गेले, "हे नेटवर्कसाठी म्हणतेस, का नोकरीसाठी?"

"दोन्हीसाठी. त्यात चोरून काय हाय? पण तू इंजिनेर हाईस ना? मग नोकरी बाजूला ठेव आन् सांग, माझं म्हणणं चूक हाय का?"

आणि फोन ठेवला. पहिल्या दिवसासारखा.

२५ मे

दोन दिवस फोन नाही. कामात लक्ष नाही. आई विचारते, "रेखा का फोन करत नाही?"

नोकरी बाजूला ठेवून विचार केला, खराखुरा. ती म्हणते तेच बरोबर. तार तुटली की नांदेडच्या टॅबला पत्ता देणार कोण? पेपरची प्रत तिथल्या मशीनवर ठेवली तरी काय उपयोग, टॅब जागचा हलणार नाही. मला १२ तारखेलाच हे खटकत होतं, फक्त धड शब्दांत मांडलं नव्हतं.

पण उलटं? माझंच मशीन गेलं तर? लातूरला कोण वाटणार? ह्याचा विचार तिनंपण केला नाही, मीपण नाही!

उठलेच. कागद घेतला.

२६ मे

सुचलं!! सकाळी उठल्या उठल्या तिला फोन.

"ताई, भांडण नंतर. ऐक. प्रत्येक स्कोपचे दोन भाग करायचे. लातूरच्या पत्त्यांतले अर्धे माझ्या मशीनवर, अर्धे तुझ्या. नांदेडच्यातले अर्धे तुझ्याकडं, अर्धे माझ्याकडं. टॅबनं हाक मारली की दोघींना ऐकू जाईल, जी आधी उत्तर देईल तिचा पत्ता. माझं मशीन गेलं तर तुझं वाटेल, तुझं गेलं तर माझं. मधली तार तुटली तर जिचं गाव तिचं मशीन. पत्ते आता भरपूर आहेत आपल्याकडं, अर्ध्यातही सगळी पोरं बसतात."

"आन् एकच पत्ता दोघींनी दिला तर?"

"कसा देणार? तुझे अर्धे वेगळे, माझे वेगळे."

पलीकडं परात वाजली. मग, "मंजू, मी आत्ता पीठ मळून राहिले, हाताला सगळी कणीक हाय. नाहीतर नाचले असते."

मी इकडं नाचले. खरंच. बाबा पेपर खाली करून बघत होते.

"आन् त्या दिवशीचं भांडण?" ती म्हणाली.

"तूच बरोबर होतीस."

"हाव. ते मला माहीत हाय. पण उलटं काय होईल ते मला सुचलं न्हवतं."

२८ मे

सरांना आराखडा समजावला. साळुंके मध्येच, "खर्च?" म्हटलं, नवीन काही घ्यायचं नाही, दोन्ही मशीन आहेतच. सर कागद खूप वेळ बघत होते. "करा," म्हणाले.

४ जून, शनिवार

उद्या बदल. सगळ्या जुन्या पत्त्यांची मुदत कालपासून अगदी थोडी केली आहे, म्हणजे उद्या नवीन मांडलं की टॅब जुन्याला धरून बसणार नाहीत. हाताने टाकलेले पत्ते, प्रिंटर, कॅमेरे, हजेरीची मशीन, त्यांच्या जागा राखून ठेवल्या. ताईला विचारलं, झोप येईल का? म्हणे, "मी झोपणार. तू पण झोप. उद्या डोळे उघडे पायजेत."

५ जून, रविवार

झालं!!!

सकाळी आठला सुरू. मी इथं, ताई तिथं, फोन कानाला. बॅटरी संपली तसा चार्जर लावूनच बोलत होते. इथलं बिनबोभाट. दहा-वीसचा पहिला पत्ता ऑफिसच्या प्रिंटरला गेला आणि त्यानं आपणहून चाचणीचा कागद ओकला. मी त्या कागदावर कुंकू लावलं. (कुणी बघत नव्हतं.)

नांदेडला खालचा मजला झाला, पहिला झाला, दुसऱ्याला पत्तेच मिळेनात. ताईचा आवाज बदलला. "मंजू, हाक मारून राहिलेत, उत्तर येईना." तिनं स्कोप वाचून दाखवला, बरोबर. गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, तेही बरोबर. मशीन चालू. मी डोळे मिटून विचार केला. हाक मारतायत, पण जातेय कुठं? "ताई, दुसऱ्या मजल्याचा स्विच हाक कुणाकडं पाठवतोय बघ."

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग:

"अगं माय! जुन्या पत्त्यावर! मशीननं घर बदललं, ह्या बाबाला कुणी सांगितलंच न्हाई!"

नवा पत्ता टाकला, दोन्ही मशीनचा. आणि मग फोनवर ती नुसती मोजत राहिली, आला, आला, अजून एक आला, आला. मी इकडून तिचे टॅब माझ्या पडद्यावर उमटताना बघत होते. नांदेडचा दुसरा मजला, लातूरच्या खोलीत!

दुपारी जेवायला घरी गेले तर आईनं श्रीखंड आणलं होतं. तिला कुणी सांगितलं? रेखाताईनं.

८ जून

बॅच सुरू. पोरांचा पूर. निलंग्याची, उदगीरची, परभणीची पोरं, पाठीला सॅक, बरोबर आईबाप, खोल्या शोधत फिरतायत. एका पोरीनं विचारलं, "मॅडम, इथं नेट बंद पडतं का?" मी छातीठोक सांगितलं, नाही. नंतर धाकधूक.

१३ जून, सोमवार

घरी येताच लिहायला बसले. आनंदानं.

पहिली एकत्र चाचणी. मी लवकर गेले. सर्व्हरच्या खोलीचं दार उघडलं आणि जळका वास. पत्ते वाटायचं मशीन काळंठिक्कर, गार. बटण दाबलं, काही नाही. वीज रात्री दोनदा आली-गेली म्हणे. तारा तपासता तपासता बाहेर पोरं हॉलमध्ये बसली, घंटा झाली!

चपला तिथंच टाकून धावले. डोक्यात एकच, पोरं बोंबलत असणार, सर चिडलेले असणार, माझ्या नोकरीचं आजच...

हॉलमध्ये शांतता. टाचणी पडेल तर ऐकू येईल अशी. सगळी पोरं टॅबवर वाकलेली. पेपर सोडवतायत!

मला कळेचना. शेवटच्या रांगेतल्या पोरीचा टॅब हळूच मागितला. पत्ता बघितला. नांदेडच्या अर्ध्यातला! शेजारचा बघितला. तोही. सगळे. अख्ख्या लातूरला आज नांदेड पत्ते वाटत होतं.

बाहेर येऊन ताईला फोन. "ताई, माझं मशीन मेलं."

"तरीच! मी म्हणून राहिले आज माझ्या पडद्यावर एवढी गर्दी का! मला वाटलं माझंच काई चुकलं. अगं सगळे आलेत, बराबर आलेत. तू फिकर करू नको."

रडायला आलं. भर पॅसेजमध्ये.

सर आले. "काय झालं?"

"सर, आपलं मशीन जळालंय. रात्रीच."

त्यांनी हॉलकडं बघितलं. "मग हे?"

"हे नांदेडहून चाललंय. रेखाताईंच्या मशीनवरून."

सर दारात उभे राहून पेपर संपेपर्यंत बघत राहिले. साळुंकेही आले, तेही उभे.

१५ जून

आम्ही दोघी सरांसमोर. ताई पहाटेच्या गाडीनं आली होती. तिनं नेसलेली हिरवी साडी बघून मी म्हटलं, लग्नाला निघालीस का? म्हणे, "तुझ्याच."

सर म्हणाले, काम उत्तम झालं. मग घसा साफ केला. "पण खरं सांगतो, जागा एकच मंजूर आहे. मला दोघींतून एकीला निवडणं जड जाईल. तुम्हीच आपसात..."

आम्ही येतानाच ठरवून आलो होतो. कोण बोलणार ते फक्त ठरलं नव्हतं. दोघी एकदम बोललो, मग ताईनं मला कोपरानं ढोसलं.

मी म्हटलं, "सर, एक जागा आहे ना? ती आम्हाला दोघींना नकोच. आम्ही दोघी मिळून काम घेतो. बाहेरून, करारावर. तुमचं दोन्हीकडचं बघू, जबाबदारी पूर्ण. आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांचंही. लातूर-नांदेडात गल्लोगल्ली क्लास आणि अभ्यासिका आहेत, सगळ्यांकडं दुपारच्या बॅचला पत्ते संपतात."

साळुंके म्हणाले, "आणि नाही म्हटलं तर?"

ताई म्हणाली, "मग एकीला ठेवा, सर. पण ती एकटी असंल. परवासारखं मशीन जळालं तर दुसरीकडून उचलायला कोण न्हाई."

तिनं धमकावलं नाही, हातच्या कामाबद्दल बोलावं तसं बोलली. सर खिडकीबाहेर बघत होते. "सोमवारी सांगतो," म्हणाले. चेहऱ्यावरून काही कळेना. खरंच कळेना.

१६ जून

घरी सांगितलं. बाबा: "पक्की नोकरी सोडून?" आई भांडी घासत होती, पाठमोरीच म्हणाली, "दोघी आहेत ना? मग होईल." बाबा अजून गप्पच आहेत. रागावलेत की विचार करतायत, कळत नाही. ताईच्या घरीही सासूबाई नाराज. नवरा म्हणाला, सहा महिने बघ.

१९ जून, रविवार

निलंगा! पहिलं गिऱ्हाईक, अजून काहीच ठरलेलं नसताना. आमच्याच बॅचमधल्या एका पोराच्या मामांची अभ्यासिका. भाच्यानं सांगितलं म्हणे, लातूरला मशीन जळालं तरी पेपर चालू राहिला. त्यांचा आपणहून फोन.

ताई लातूरला आली, मग दोघी एसटीनं. स्टँडवर उतरलो तर मामा स्वतः घ्यायला. वर पत्र्याखाली अभ्यासिका, पोरं घामानं निथळतायत पण पुस्तकातून मान वर नाही. तक्रार तीच, दुपारनंतर नेट येत नाही. ताईनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. मुदत! कुणीतरी ती आठ दिवसांवर ठेवलेली. मी खुर्चीवर बसून मुदत बदलली, ताईनं शिडी लावून वायफायचा डबा पत्र्याच्या उन्हातून खाली घेतला. अडलेल्या पोरांचे फोन एकेक करून नेटला लागायला लागले. कोपऱ्यातला एक पोरगा "आलं!" असं ओरडला आणि सगळे त्याला "शू" म्हणाले.

मामांनी उसाचा रस मागवला. म्हणाले, "काम चांगलं केलंत. बिल कुणाच्या नावानं करायचं? तुमच्यात मुख्य मॅडम कोण?"

मी ताईकडं बोट दाखवलं. ताईनं त्याच क्षणी माझ्याकडं.

मामा दोन्ही बोटांकडं बघत बसले, पेन हातात तसंच.

सरांचं उत्तर उद्या, म्हणून ताई आज आमच्याच घरी. आत्ता बाहेरच्या खोलीत बाबा ताईला काहीतरी विचारतायत. आज पहिल्यांदाच स्वतःहून बोलतायत तिच्याशी. कान देऊन ऐकते आहे. विचारतायत, "हे करारावर म्हणजे नेमकं कसं असतं?"